लोकर म्हणावं असं काय

मराठीत विणकामाच्या कुठल्याही धाग्याला आपण लोकरच म्हणतो. दुकानात 'लोकर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा समोर येतो ॲक्रिलिकचा गुंडा. म्हणजे पेट्रोलियमपासून बनवलेलं प्लास्टिक. मेंढीचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो.

सध्या मी मामेबहिणीसाठी कार्डिगन विणतेय. तिची फर्माईश एकच, 'कासच्या पठारासारखं कर.' तिच्या डोळ्यांपुढे फुलं असणार. मला मात्र फुलांखालचा जांभा दिसतो: तांबूस, भोकाभोकांचा, मध्येच काळवंडलेला, वर राखाडी-हिरवट दगडफुलाचे पापुद्रे. (हो, गोड्या मसाल्यात पडतं तेही याच जातकुळीचं.)

असा पोत एका धाग्यात येत नाही. जांभ्यासाठी कुठे जाड, कुठे बारीक कातलेलं सूत हवं. दगडफुलासाठी बूक्ले, म्हणजे अंगभर बारीक वेटोळी असलेला धागा. धुक्यासाठी मोहेर, अंगोरा शेळीच्या केसांचा. तो दुसऱ्या धाग्याच्या जोडीनं विणायचा. धागेच इतके बोलके असले की टाके साधे ठेवावे, सुलट-उलट पुरे. बूक्लेवर घातलेली नक्षी कुणाला दिसतच नाही.

दगडफुलाला सगळ्यात हुबेहूब जुळलं ते ॲक्रिलिकचं बूक्ले. पण 2016 साली इंग्लंडमधल्या प्लायमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं होतं, की सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. डोंगराची आठवण अंगावर घालायची आणि त्याच डोंगरातून येणाऱ्या नदीत प्लास्टिक सोडायचं, हे मला झेपेना.

मग 'नैसर्गिक' घ्यावं? ऑस्ट्रेलियात बऱ्याच मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीजवळची कातडी कापून काढतात, तिथे माश्यांच्या अळ्या पडू नयेत म्हणून. रेशमाचे कोश आतल्या जिवासकट उकळतात. कापसाचं काय, ते विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारावं.

उरते दख्खनी मेंढी. घोंगडं होतं ते हिच्याच लोकरीचं. काळी, भरड, टोचरी. याच पठारांवरच्या गवतावर वाढलेली. तिच्या लोकरीला भाव नाही, कातरून पुष्कळदा फेकूनच देतात. माझं मन तिथेच अडकलं. अख्खं कार्डिगन हिचंच करायचं!

पण बहिणीनं सुरुवातीलाच विचारून ठेवलं होतं, 'मशीनला टाकता येईल ना?' तिला दीड वर्षाचं मूल आहे, नोकरी आहे. लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते, घट्ट होऊन बसते. म्हणजे तत्त्व माझं, आणि त्यापायी गार पाण्यात हात घालून बसणार ती. आपल्याकडचं सोवळंही असंच चालत आलंय: पाळणारा एक, धुणारी दुसरी.

यावर 'मग सोयीचं ते घ्या' हे उत्तर मला पटत नाही. सोयीची किंमतही कुणीतरी देतंच, फक्त ते नदीत असतं आणि फोन करून तक्रार करत नाही. तरी ज्या माणसाचं माप घेऊन आपण विणतो त्याचा हक्क पहिला, असं मी मानते. पहिला, एकमेव नव्हे.

म्हणून अंग आणि बाह्या सुती धाग्याच्या, मशीनला चालणाऱ्या. खांद्यावरचा पट्टा दख्खनीचा, वेगळा विणून बटणांनी जोडलेला. तो सारखा धुवावा लागत नाही, वाऱ्यावर टाकला तरी भागतं. मोहेर बाद, त्याचे केस मुलाच्या तोंडात जातील.

पट्टा टोचणार हे तिला सांगितलं. म्हणाली, 'किती?' याला शब्दांत काय सांगणार? दख्खनीचा तळहाताएवढा चौकोन विणून कुरिअरनं पाठवलाय. दिवसभर मानेशी ठेवून बघ, म्हटलंय. ती नको म्हणाली तर पट्टा माझ्याकडे राहील.

धुक्याचं काय करायचं, ते अजून ठरत नाहीये.