दिव्याची ऊब

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा हरणीत आमच्या सोसायटीत धामण शिरली. शेजारच्या दहावीतल्या मुलाने तिला धरून काचेच्या पेटीत ठेवले. लपायला फुटका माठ, पाण्याचे भांडे, एका टोकाला चाळीस वॉटचा दिवा. सापाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. म्हणून पेटीचे एक टोक उबदार, दुसरे गार हवे, हे त्यानेच मला समजावले. उचलतानाही दोन्ही हातांचा आधार.

मी म्हणालो, "कायद्याने हे चालत नाही. वनखात्याला कळव."

"सर, तुमच्या शिराळ्यात चालायचं ना?"

मी बत्तीस शिराळ्याचा. नागपंचमीआधी धरलेला नाग आमच्या घरी मडक्यात असे, तोंडाला फडके बांधून. त्याला आम्ही देव म्हणायचो. पंचमीनंतर रानात सोडत, हे खरे. पण १९७२ चा कायदा दाखवून ही प्रथा बंद झाली तेव्हा मी चिडलोच होतो. भक्तीला कायदा कसला?

त्या मडक्यापेक्षा या मुलाची पेटी शतपटीने बरी, हे कबूल करायला हवे. तरीही धामण दिव्याखाली वेटोळे घालून बसली की त्याला वाटे, तिला आपला लळा लागला. लळा त्याला लागला होता. तिला ऊब हवी होती. उन्हातून सावलीत कधी जायचे, हे रानात तिचे तीच ठरवते. इथे ऊन आणि सावली यांत दोन हातांचे अंतर, तेही आपण नेमून दिलेले.

यातले मी त्याला काहीच बोललो नाही. फक्त मडक्याची हकीकत सांगितली, फडक्यासकट. दुसऱ्या दिवशी त्यानेच वनखात्याला फोन केला.