बल श्रेष्ठ की कौशल्य?

सन २०२५ च्या श्रीहनुमज्जयंतीच्या उत्सवात महाप्रसादानंतर मंदिराच्या ओसरीवर एक वाद रंगला. त्या आधी तीनच आठवड्यांपूर्वी, २१ मार्च रोजी, अमेरिकेचा विख्यात मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन वयाच्या ७६ व्या वर्षी निवर्तला होता. त्याच्या लढतींची चित्रे पाहिलेले तरुण म्हणत होते की, ज्याच्या एका ठोशात समोरचा आडवा होतो त्याला डावपेचांची गरजच काय? वडीलधाऱ्यांचे म्हणणे उलट होते. नुसत्या ताकदीचा माणूस आज ना उद्या जाणत्याच्या हातून मार खातो, असा त्यांचा अनुभव. वाद मिटला नाही. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. परंतु प्रश्न मनात राहिला, आणि तो केवळ रिंगणापुरता नाही असे जाणवल्यावरून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न नवा नव्हे. महाभारतातील शल्यपर्वात भीम व दुर्योधन गदायुद्धास उभे राहतात, तेव्हा अर्जुन श्रीकृष्णांना हेच विचारतो : ह्या दोघांत श्रेष्ठ कोण? श्रीकृष्णांचे उत्तर मोठे परखड आहे. शिक्षण दोघांचेही सारखे, बळ भीमाचे अधिक, परंतु परिश्रम व सराव दुर्योधनाचा अधिक. भीमाची लोखंडी प्रतिमा करून त्याने तेरा वर्षे तिच्यावर गदा चालविली होती. तेव्हा सरळ युद्धात भीमाला जय मिळणे कठीण, असा भगवंतांचा निर्वाळा आहे. पुढे मांडीवर प्रहार झाला, आणि दोघांचाही गुरू बलराम संतापून नांगर उगारून धावला. नाभीखाली प्रहार करू नये हा गदायुद्धाचा नियम होता. मुष्टियुद्धातही कमरपट्ट्याखाली मारणे निषिद्ध आहे. कौशल्यापुढे बळ अपुरे पडले की मर्यादा मोडण्याचा मोह कसा होतो, हे व्यासांनी आपल्याच पक्षाच्या वीराविषयी लपवून ठेवलेले नाही.

आता हेवीवेट मुष्टियुद्धाकडे वळू. ह्या गटात वजनाला वरची मर्यादा नसते. म्हणून बळाचा प्रश्न येथे जितका नागडा दिसतो तितका इतरत्र दिसत नाही. ठोशाचे बळ दंडात असते अशी सामान्य समजूत आहे, ती अपुरी होय. ते पायाखालच्या जमिनीपासून निघते. पोटऱ्या, मांड्या, कंबर व खांदा ह्यांच्या वळणातून वाढत जाऊन अखेर मुठीत येते. हनुवटीवर तिरपा ठोसा बसला की डोके झटक्याने फिरते, आतला मेंदू हिंदकळतो आणि माणसाची शुद्ध हरपते. दंड कमावता येतात, सरावाने वेग वाढविता येतो, तरीही हा प्रहार काहींच्या अंगी उपजतच असतो आणि काहींना जन्मभर साधत नाही, असे ह्या विद्येतले जाणकार मानतात.

फोरमनला ते देणे उदंड लाभले होते. टेक्सास प्रांतातील एका गरीब घरी १९४९ साली जन्मलेला हा मुलगा १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून पुढे आला. २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातील किंग्स्टन येथे त्याने तोवर अपराजित असलेल्या जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून अजिंक्यपद घेतले. मार्च १९७४ मध्ये काराकास येथे केन नॉर्टनचाही दुसऱ्याच फेरीत निकाल लागला. हे दोघे सामान्य नव्हते. महंमद अलीला तोपर्यंत हरविणारे जगात दोनच पुरुष होते, आणि ते हेच. तेव्हा अली फोरमनसमोर उभा राहणार असे ठरताच अनेकांस जयापजयापेक्षा त्याच्या जीविताची चिंता वाटली, ह्यात नवल नाही.

तो सामना ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतील किन्शासा येथे पहाटे चारच्या सुमारास झाला. तो देश तेव्हा झाईर म्हणून ओळखला जात असे. आज त्यास काँगोचे लोकसत्ताक गणराज्य म्हणतात. फोरमन २५ वर्षांचा, चाळीस लढतींत चाळीस विजय, त्यांपैकी सदतीस मुदतीपूर्वीच संपलेले. अली ३२ वर्षांचा. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे १९६७ साली त्याचे पद काढून घेतले गेले होते आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षे तो रिंगणाबाहेर होता. पूर्वीची पायांची चपळाई आता राहिली नव्हती.

पहिल्या फेरीत अली पुढे होऊन लढला. दुसऱ्या फेरीपासून मात्र त्याने जे केले ते पाहून त्याच्या वस्तादाचाही जीव टांगणीला लागला. तो रिंगणाच्या दोरांना पाठ टेकून उभा राहिला. अँजेलो डंडी हा त्याचा वस्ताद बाहेरून ओरडून त्याला दोरांपासून दूर हो म्हणून सांगत होता. पण अली हलेना. दोर सैल होते. मागे रेलले की डोके ठोशाच्या पल्ल्याबाहेर जाई, आणि मुठी गालांशी व कोपरे बरगड्यांशी धरल्याने बहुतेक मार दंडांवर पडे. मधूनच सरळ ठोसा फोरमनच्या तोंडावर बसे, आणि कानाशी अलीचे डिवचणे चालूच. बहुतेक लढती दोनतीन फेऱ्यांत आटोपण्याची फोरमनला सवय. हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशाहून अधिक दमवितो, हे त्याला कधी शिकावेच लागले नव्हते. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत त्याचे हात जड झाले. आठव्या फेरीच्या अखेरच्या क्षणांत अलीने दोरांवरून निसटून ठोशांची सरबत्ती केली, आणि तो प्रचंड देह भोवंडून जमिनीवर आला.

येथे वडीलधाऱ्यांचा पक्ष सिद्ध झाला, असे कोणीही म्हणेल. आम्हीही आरंभी तसेच मानले. परंतु थोडा अधिक विचार करता ते पुरते खरे वाटेनासे झाले.

पहिली गोष्ट ही की, अलीने त्या रात्री मार चुकविला तसा सोसलाही. सात फेऱ्या तसले ठोसे दंडांवर व कुशींवर झेलण्यास पोलादी शरीर लागते. त्याच्या युक्तीला त्याच्या बळाचाच आधार होता. दुबळ्याने ती योजली असती तर दुसरी फेरीही निघाली नसती. दुसरी गोष्ट, इतिहासात उलटे निकालही आहेत. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फिया येथे जर्सी जो वॉलकॉट ह्या अनुभवी जाणत्याने रॉकी मार्सियानोला पहिल्याच फेरीत खाली पाडले आणि बारा फेऱ्या तो गुणांत पुढे राहिला. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा ठोसा बसला आणि बारा फेऱ्यांची पुंजी क्षणात वाया गेली. कौशल्याला प्रत्येक क्षणी सावध राहावे लागते; बळाला एक क्षण पुरतो. तेव्हा निकालावरून श्रेष्ठत्व ठरवू गेल्यास वाद जन्मभर चालेल.

म्हणून प्रश्न निराळ्या रीतीने विचारावा असे आम्हांस वाटते. जिंकते कोण, हे बाजूस ठेवू. ही दोन देणी माणसाचे काय करतात?

बळ माणसाला शिकण्याच्या गरजेपासून सोडविते, आणि हाच त्याचा धोका. ज्याचे काम पहिल्याच धक्क्यास होते तो दुसरा धक्का कसा द्यावा ह्याचा विचार करीत नाही. हे आपल्या घरांतही दिसते. एकपाठी मुलगा अभ्यासाची सवय लावून घेत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याला आपले म्हणणे पटवून देण्याची कला येत नाही. ज्याच्या हाती पैसा वा अधिकार आहे त्याला विनंती करता येत नाही. जोवर दोर सैल नसतात तोवर सर्व ठीक चालते.

फोरमनचे पुढील चरित्र ह्या दृष्टीने फार बोलके आहे. किन्शासाच्या पराभवानंतर कित्येक वर्षे त्याने दोरांना आणि पंचाच्या मोजणीला दोष दिला. मार्च १९७७ मध्ये सान हुआन येथे जिमी यंग ह्या चतुर योद्ध्याने त्याला बारा फेऱ्यांत गुणांवर हरविले. त्याच रात्री कपडे बदलण्याच्या खोलीत आपणांस ईश्वराचा साक्षात्कार झाला असे तो सांगत असे. त्याने रिंगण सोडले, ह्यूस्टन येथे तो धर्मोपदेशक झाला आणि मुलांसाठी त्याने एक केंद्र काढले. दहा वर्षे त्याने कोणावर हात उगारला नाही. त्या केंद्राला पैसा कमी पडू लागला तेव्हा १९८७ साली तो परतला. वय ३८, देह सुटलेला, लोक हसत होते.

५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगास येथे मायकेल मूरर ह्या २६ वर्षांच्या अपराजित विजेत्यासमोर तो उभा राहिला, तेव्हा त्याचे वय ४५ होते. अंगावर किन्शासाचीच लाल विजार होती. आणि त्याच्या बाजूला वस्ताद म्हणून कोण? तोच अँजेलो डंडी, जो वीस वर्षांपूर्वी अलीच्या बाजूस होता. नऊ फेऱ्या फोरमन मार खात राहिला. तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रकांत तो मागे होता. पण ह्या खेपेस तो पिसाळला नाही. डाव्या हाताचे साधे ठोसे देत त्याने वाट पाहिली. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड ठोसा हनुवटीवर बसला आणि मूरर उठला नाही. इतक्या वयाचा हेवीवेट अजिंक्यवीर त्यापूर्वी कधी झाला नव्हता. बळ तेच, किंबहुना कमीच. भर पडली होती ती थांबण्याची. ज्याने त्याला हरविले तेच तो शिकला होता, आणि आपला पराभव अलीने चातुर्याने केला हेही पुढे तो मोकळ्या मनाने सांगू लागला होता.

मग कौशल्यच अखेर श्रेष्ठ ठरले ना? येथेही आम्ही थोडे अडखळतो, कारण कौशल्याचाही एक मद असतो. आपण काहीही निभावून नेऊ, अशी त्याची समजूत होते. किन्शासाच्या विजयाने अलीला मार सोसून जिंकण्याचा विश्वास दिला, आणि पुढे तो मार सोशीतच राहिला. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्स ह्या जबर प्रहार करणाऱ्याशी तो पंधरा फेऱ्या लढून जिंकला; त्यानंतर त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको, अली थांबत नाही हे पाहून, त्याला सोडून गेला. अली १९८१ पर्यंत लढला. १९८४ साली त्याला कंपवाताचा विकार असल्याचे जाहीर झाले. त्या विकारास ठोसे कितपत कारण झाले ह्यावर वैद्यांत एकमत नाही. परंतु डोक्यावरील वारंवारच्या माराने मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूस इजा होते, हे हॅरिसन मार्टलंड ह्या अमेरिकन वैद्याने १९२८ सालीच मांडले होते. दुसऱ्याचा ठोसा कोठून येणार हे ज्याला सर्वांआधी कळे, त्याला स्वतः केव्हा थांबावे हे कळले नाही. हे लिहिताना आमच्या मनात टीका नाही, खेद आहे.

येथून निघणारा बोध आम्ही आपल्या घरांपुरता सांगतो. दुसऱ्याचे डोके हेच ज्याचे लक्ष्य, तो खेळ आपल्या मुलांनी खेळावा असे आम्ही म्हणणार नाही. ज्या पालकांनी तशी परवानगी दिली असेल त्यांनी ती डोळे उघडे ठेवून द्यावी. पण त्या रिंगणातून शिकण्यास काही हरकत नाही. मूल बलवान असो, बुद्धिमान असो, त्याच्या देण्याचे कौतुक करताना आपण त्याच्या शिकण्याचे कौतुक अधिक करावे. ते हरून घरी आले असता दोरांना आणि पंचाला दोष देण्यास त्याला मदत करू नये. आणि जिंकून आले असता कोठे थांबावे हेही आपणच त्याच्या कानी घालावे, कारण टाळ्या वाजविणारे ते कधीच सांगत नाहीत. आपण मारुतिरायाला बळासाठी भजतो तसे बुद्धीसाठीही भजतो. आणि एवढे सामर्थ्य असूनही तो रामापुढे हात जोडून उभा असतो, हे त्या मूर्तीकडे पाहताना आपण विसरतो.

एक प्रसंग सांगून पुरे करतो. किन्शासाच्या त्या लढतीवरील अनुबोधपटास मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत ऑस्कर पारितोषिक मिळाले. अली व फोरमन दोघेही सभागृहात होते. अलीचे शरीर तोवर विकाराने थकले होते आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढणे त्यास कठीण जात होते. तेव्हा फोरमनने त्याला हात दिला आणि सांभाळून वर नेले. ज्या हातांनी त्या रात्री अलीला मारण्याचा यत्न केला होता, तेच हे हात.

बळाचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाही. ओसरीवरच्या त्या वादात आम्ही गप्प राहिलो होतो. आमचे उत्तर काही असेल तर ते हेच.