सुटून आलेल्यांची साक्ष

डोंगरावरचा धूर दिसतो ते प्रत्यक्ष आणि तेथे अग्नी असावा हे अनुमान, अशी वाटणी आपल्या न्यायशास्त्राने फार पूर्वी करून ठेवली. ही सीमारेषा सर्वत्र इतकी ठळक असते का, हा प्रश्न मला एका आधुनिक छायाचित्रणाने पुन्हा विचारायला लावला.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशाला चुंबकांबर म्हणतात. सौर वादळाच्या वेळी तेथे विद्युत्‌भारित आयनांचा एक वलयाकार प्रवाह पृथ्वीभोवती बळावतो आणि जमिनीवरील चुंबकसूचीही विचलित होते. हा प्रवाह दुर्बिणीला दिसत नाही. त्यातील आयन बलरेषांना जखडलेले असल्यामुळे दूरच्या निरीक्षकापर्यंत सरळ पोहोचूही शकत नाहीत. पण पृथ्वीच्या वातावरणाचा हायड्रोजनमय असा अतिविरळ पदर त्या प्रदेशात पसरलेला आहे. एखादा वेगवान आयन त्यातील थंड अणूचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो आणि स्वतः उदासीन अणू बनतो. तत्क्षणी चुंबकीय बंधन गळून पडते आणि तो जवळजवळ सरळ रेषेत निघून जातो. अशा अणूंची दिशा आणि ऊर्जा मोजून प्रवाहाचे चित्र उभे करता येते.

सप्टेंबर १९८२ मधील एका वादळात ‘आयसी-१’ यानावरील उपकरणाने असे अणू टिपले होते. ते उपकरण वास्तविक भारित कणांसाठी घडवलेले होते. त्या नोंदींवरून एडमंड रोलॉफ यांनी १९८७ मध्ये वलयाचे चित्र प्रसिद्ध केले. पुढे मार्च २००० मध्ये निघालेल्या ‘इमेज’ यानाने अशा अणूंसाठी तीन खास कॅमेरे नेले आणि डिसेंबर २००५ मध्ये संपर्क तुटेपर्यंत वादळांची चित्रे पाठवली. वादळ जोर धरत असताना हे वलय पूर्ण कडे नसून एका बाजूला झुकलेले असते, हे त्यांतून स्पष्ट झाले.

मग हे वलयाचे दर्शन म्हणायचे काय? तीन गोष्टी आपल्याला थांबवतात. चित्रातील तेज केवळ आयनांच्या संख्येवर अवलंबून नसते. तेथे हायड्रोजन किती आहे यावरही ते ठरते. म्हणून अंधारलेली जागा रिकामी असेलच असे नाही. तेथील आयनांना कदाचित सुटकेची संधीच मिळाली नसेल. दुसरे असे, की एकाच दृष्टिरेषेवरचे जवळचे आणि दूरचे सारे अणू एका ठिपक्यात मिसळतात; त्यांना वेगळे करण्यासाठी काही गृहीते मानावी लागतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. आयन असे निसटून जाणे हेच वलय क्षीण होण्याचे एक प्रमुख कारण आहे. म्हणजे आपण पाहतो ते त्या प्रवाहाचे असणे नव्हे. त्याचे झिजणे पाहतो.

येथे विज्ञानाचा प्रश्न नीतीचा होतो. दुष्काळ, दंगल, बंदिवास यांविषयी आपण जे जाणतो, ते बहुधा सुटून आलेल्यांच्या तोंडून. त्यांची साक्ष खोटी नसते. पण ज्यांना वाट सापडली त्यांचीच ती असते. जेथून कोणीच आले नाही, तेथे काही घडलेच नाही असे मानणे हा बुद्धीचा आळस आहे आणि आत राहिलेल्यांवर अन्यायही.

तरीही साक्ष अपुरी म्हणून ती नाकारणे हा उपाय नव्हे. शास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या विरळपणाचा हिशेब मांडला, प्रत्यक्ष वलयातून जाणाऱ्या यानांच्या मोजमापांशी चित्र पडताळले आणि २००८ पासून ‘ट्विन्स’ मोहिमेत दोन यानांवरून, दोन बाजूंनी एकच दृश्य पाहिले. त्यांनी अनुमानाला प्रत्यक्षाचे नाव दिले नाही. आपली गृहीते उघड ठेवली, एवढेच.

आपणही दुसऱ्यांच्या दुःखाविषयी बोलताना एवढे पथ्य पाळावे. कोणाचे ऐकून आपण बोलतो आहोत हे सांगावे आणि ज्यांचा आवाज आला नाही, त्यांची जागा चित्रात मोकळी ठेवावी. ती रिकामी आहे असे मात्र लिहू नये.