भोजकटाचा पट

खेळासाठी नगर रचायला बसलात, तर आधी एक माणूस शोधा ज्याला घरी परत जाता येत नाही.

वऱ्हाडाला असा माणूस मिळालेला आहे. रुक्मिणीला कृष्णानं नेलं, तेव्हा तिचा भाऊ रुक्मी कुंडिनपुराहून पाठलागाला निघाला आणि निघताना सगळ्यांसमोर बोलून बसला: कृष्णाला मारून बहिणीला आणीन, नाहीतर या नगरात पाऊल टाकणार नाही. तो हरला. कृष्णानं त्याला बांधून अर्धवट केस-मिशा भादरल्या, बलरामानं मध्ये पडून सोडवलं. शब्द मात्र दिलेला होता. म्हणून जिथं हार झाली तिथंच त्यानं भोजकट नावाचं नगर वसवलं आणि तिथंच राहिला. अमरावतीजवळची भातकुली म्हणजेच ते भोजकट, असं इथली परंपरा मानते. वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनीही भोजकटाची जागा भातकुलीच सांगितली.

तट, बुरूज, बाजारपेठ, देऊळ, राजवाडा हे सगळं रचता येतं. त्याला एक दुपार पुरते. एका माणसाच्या न फिटणाऱ्या शब्दावर उभं असलेलं नगर रचायला जास्त वेळ लागतो. पण ते वर्षभराच्या खेळाला पुरतं.

*

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो. एक जण सूत्रधार होतो. तो जग सांगतो आणि त्या जगातली बाकीची सगळी माणसं होतो. पात्र काय करतं ते खेळाडू बोलून सांगतो. जमेल की फसेल याची शंका असेल तिथं फासा पडतो. बैठकीमागून बैठक एकच कथा चालत राहिली की ती मोहीम. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आलं आणि हा रोल-प्लेइंग गेम जगभर गेला.

आर्नेसनची ब्लॅकमूर ही मोहीम त्याच्याही आधीची. तिथं एक किल्ला होता, त्याखाली भुयारं होती आणि शेजारी गाव होतं. खेळ भुयारात रंगायचा. गावाला खेळात बरोबरीचं स्थान मिळायला थोडा वेळ गेला. 1976 मध्ये जजेस गिल्ड या प्रकाशनसंस्थेनं एक अख्खं नगर छापून विकायला काढलं, गल्ल्या आणि दुकानांसकट.

भुयारात बंद दार तोडता येतं. नगरात तोडलेल्या दाराचा मालक दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो.

भुयारात मारलेल्याचं कुणी नसतं. नगरात मारलेल्याला भाऊ असतो, त्याच्याकडे कुणाचं तरी देणं असतं, त्याच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न ठरलेलं असतं.

भुयारात कुणी काही विचारत नाही. वऱ्हाडात वेशीवरच विचारतात: कोनाचा होय बे तू? या प्रश्नाचं उत्तर पात्राच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलेलं असावं. ताकद किती, चपळाई किती, हे त्याच्या खाली.

*

रुक्मीनं वैर सोडलं नाही आणि सोयरीकही सोडली नाही. बहिणीचं मन राखायचं म्हणून आपली मुलगी रुक्मवती त्यानं कृष्णाच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. पुढे नात रोचना कृष्णाच्या नातवाला, अनिरुद्धाला दिली. ज्या माणसाला मारल्याशिवाय घरी जायचं नाही, त्याच्याच घरात लेकी द्यायच्या. नगराची गुंतागुंत अशी असते. दोन टोळ्या आणि त्यांची भांडणं एवढ्यावर रचलेलं नगर तिसऱ्या बैठकीत संपतं. दोन टोळ्यांमध्ये सोयरीक झाली की ते चालू राहतं, कारण मग प्रत्येक भांडणात कुणाची तरी बहीण असते.

रोचनेचं लग्न भोजकटात झालं. द्वारका सगळी वऱ्हाडी म्हणून आली. लग्न लागल्यावर कलिंगाच्या राजानं रुक्मीला सुचवलं: बलरामाला फाशांचं वेड आहे, पण खेळता येत नाही, बसव त्याला. बलरामानं शंभर लावले आणि हरला. हजार लावले, हरला. दहा हजार लावले, तेही गेले. कलिंगराज दात दाखवून हसला. मग रुक्मीनं लाखाचा डाव लावला आणि तो बलराम जिंकला. रुक्मी म्हणाला, मी जिंकलो. बलरामानं संतापून दहा कोटी लावले. तोही डाव त्याचाच. रुक्मी पुन्हा म्हणाला, मी जिंकलो, हवं तर साक्षीदारांना विचारा. साक्षीदार त्याच मांडवात जेवलेले होते. तेवढ्यात आकाशवाणी झाली की धर्मानं डाव बलरामाचा आहे. रुक्मीनं ती मनावर घेतली नाही. उलट म्हणाला, तुम्ही रानात फिरणारे गुराखी, फासे आणि बाण हे राजांचे खेळ. बलरामानं परिघ नावाचं हत्यार उचलून त्याला तिथंच मारलं आणि कलिंगराजाचे दात पाडले. ही भागवतातली हकिगत. विष्णुपुराणात तर हत्यार म्हणून खेळाचा पटच आहे.

एकेकाळी ज्यानं बंध सोडले होते, त्याच्याच हातून रुक्मी मेला.

फाशांच्या खेळाबद्दल जे काही शिकायचं ते या मांडवात आहे. आकाशवाणी खरी होती, स्पष्ट होती, सगळ्यांनी ऐकली होती. तरी तिचा उपयोग झाला नाही. सूत्रधाराच्या शब्दाचं बळही एवढंच असतं. टेबलावर बसलेले मानतात तोवर तो निर्णय, त्यांनी मानणं सोडलं की तो नुसता आवाज. काही सूत्रधार पडद्याआड फासा टाकतात आणि कथा रंगावी म्हणून आकडा फिरवून सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो. मला ते अजिबात मान्य नाही. रुक्मीनंही आकडा फिरवूनच सांगितला होता, आणि त्यालाही आपली कथा चांगली संपायला हवी होती. फासा उघड्यावर पडावा. पात्र मरत असेल तर मरू द्यावं.

कृष्ण काहीच बोलला नाही. रुक्मी योग्य मारला म्हणावं तर बायको दुखावते, अयोग्य म्हणावं तर भाऊ. खेळातल्या नगरात असा एक तरी प्रसंग यावा, जिथं सगळ्यात शहाण्या पात्राला तोंड उघडता येत नाही. फासा टाकून त्यातून सुटका होऊ नये.

*

वऱ्हाडाला फासे नवे नाहीत. वैदिक काळी जुगार बेहड्याच्या फळांनी खेळत, आणि बेहडा आजही मेळघाटात उभा आहे. नळराजा फाशांवर राज्य हरला. पुढे बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे, दमयंतीच्या माहेरी हाकत असताना वाटेत असंच एक बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णानं त्याची पानं आणि फळं किती ते नजरेनं सांगितलं. नळानं उतरून मोजलं, आकडा जुळला. मग त्यानं ती विद्या मागून घेतली, आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडला.

दैव मोजता येतं, हे कळलं तेव्हा नळ सुटला.

सूत्रधारानंही मोजावं. वीस पैलूंचा फासा प्रत्येक आकड्याला सारखीच संधी देतो, शंभरात पाच. सहा पैलूंचे तीन फासे एकदम टाकले तर 216 प्रकारे पडतात. त्यांत बेरीज तीन येण्याचा प्रकार एकच, दहा येण्याचे सत्तावीस. पहिला फासा लहरी आहे. तीन फाशांत बहुतेक वेळा मधलं, रोजचं, अपेक्षित तेच घडतं आणि क्वचित एखाद्या दिवशी अघटित. भुयाराला पहिला शोभतो. नगराला तीन फासे द्यावेत. सावकार बहुतेक वेळा वसुली करतोच, पहारेकरी बहुतेक वेळा जागाच असतो. म्हणून तर तो झोपला त्या रात्रीची गोष्ट होते.

*

पुराणातलं भोजकट ऐकलेलं आहे. ताम्रपटातलं कोरलेलं आहे.

अचलपूरजवळच्या चमक गावी वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला. काळ पाचव्या शतकाचा, राजाच्या कारकिर्दीचं अठरावं वर्ष. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक हे गाव, राजमापानं आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दिलं. विनंती शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याची. नगर किंवा गाव कसं लिहावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. त्यात वर्णन जवळजवळ नाही. सवलती आणि अटी आहेत.

सवलती अशा: सैनिकांनी गावात शिरू नये. गाई-बैल, फुलं, दूध मागू नये. चराई, कातडी, कोळसा मागू नये. मिठाच्या खाणीवर हक्क सांगू नये. वेठबिगार नको. जमिनीत गुप्तधन सापडलं तर ते गावाचं. ही यादी उलटी वाचावी. जे करू नये म्हणून तांब्यावर कोरावं लागलं, ते आजूबाजूच्या गावांत होत असणार. सैनिक दूध मागत होते. कुणी तरी कुणाच्या तरी भट्टीतला कोळसा उचलून नेत होतं. ज्याला सवलत मिळाली नाही असं शेजारचं गाव चर्मांकाकडे कसं बघत असेल, एवढ्या एका प्रश्नावर मोहिमेचा पहिला महिना निघतो.

आणि अटी: चंद्र-सूर्य असेतो दान टिकेल, पण राज्याशी द्रोह केला नाही तर. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजावर विषप्रयोग केला नाही तर. लढाई केली नाही, दुसऱ्या गावांना त्रास दिला नाही तर. असं काही केलं किंवा करणाऱ्याला साथ दिली, तर राजानं जमीन काढून घेणं ही चोरी ठरणार नाही.

यातली एकेक अट म्हणजे एकेका रात्रीचा खेळ आहे. साथ देणं म्हणजे नेमकं काय? पाहुणा म्हणून आलेल्यानं विष आणलं असेल तर यजमान दोषी का? कोंडराजानं हजार लोकांसाठी हे मागितलं, ते कशाच्या बदल्यात? हजारांपैकी थोड्यांचीच नावं पटावर आहेत. उरलेली नावं खेळाडूंनी घ्यावीत.

*

नकाशा पाण्यापासून काढावा. भातकुलीचा मुलूख पेढी आणि पूर्णेचा, खारपाणपट्ट्यातला. काळी जमीन कापसाला चांगली, पण खाली खोदत गेलं की पाणी खारट. अशा मुलखात गोड्या पाण्याची विहीर कुणाच्या आवारात आहे ते आधी ठरवा. राजा कोण, हे मग फारसं ठरवावं लागत नाही.

तट लागलाच तर अमरावतीचा घ्या. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या राजवटीत 1807 मध्ये त्याचं काम सुरू झालं. अंबा, नागपुरी, खोलापुरी अशी मोठी दारं आणि जोडीला माताखिडकी, छत्रपुरी खिडकी अशा लहान वाटा. दारातून गाड्या जातात, सैन्य जातं, मिरवणूक जाते. मोहीम खिडकीतून जाऊ द्या.

*

कृष्ण, बलराम, रुक्मिणी ही पात्रं कुणाला खेळायला देऊ नयेत. ती लोकांच्या देवघरातली आहेत, आणि खेळासाठी त्यांची गरजही नाही. पुराण रोचनेला रथात बसवून द्वारकेला निघून जातं. भोजकट मागे राहतं. मोहीम तिथं सुरू करावी, दुसऱ्या दिवशी सकाळी.

मांडव अजून उतरवलेला नाही. राजा मेला आहे, आणि मारणारा व्याह्यांच्या घरचा आहे. कलिंगाचा राजा दात पडलेल्या तोंडानं परतीच्या वाटेवर आहे आणि त्याला भोजकटावर राग धरायला पुरेसं कारण आहे. दहा कोटींचा डाव बलरामानं धर्मानं जिंकला होता, म्हणजे ते नगरावर देणं आहे का? असेल तर ते कोण फेडणार, आणि नसेल तर आकाशवाणी कशासाठी झाली? राजाचा शब्द त्याच्याबरोबर गेला. मग आता भोजकटातल्या माणसांना कुंडिनपुरात परत जाता येईल का? काहींना जायचं असेल. काहींची मुलं इथं जन्मली आहेत, त्यांना कुंडिनपूर परगावच.

खेळाडूंना देवदूत किंवा सेनापती करू नका. एक आचारी, एक मांडववाला, एक सावकाराचा कारकून, एक साक्षीदार. साक्षीदार नक्की ठेवा. डाव कुणाचा होता हे त्यानं पाहिलेलं आहे, आणि अजून कुणी त्याला विचारलेलं नाही.

शेवट लिहून ठेवू नका. तो सूत्रधाराचा नसतो.

या खेळाची छापील नगरं बहुतेक इंग्रजीत आहेत, त्यांतले राजे आणि रस्ते दुसऱ्या मुलखांचे. ती खेळायला काही हरकत नाही. पण अमरावती-अकोल्यातल्या कुणी मोहीम रचणार असाल, तर एकदा हे नगर मांडून पाहा. कागद-पेन्सिल घेण्याआधी भातकुलीला जाऊन या. आदिनाथाचं जुनं जैन क्षेत्र बघा, पेढीच्या बाजूनं चाला, कुणाच्या शेतातल्या विहिरीचं पाणी मागून प्या. अमरावतीहून बस मिळते.