शनिवारी बंद राहणारा घाणा



खारघरहून मानसरोवर, खांदेश्वर आणि मग पनवेल. आपल्यापैकी अनेकांचा हा रोजचा लोकलचा मार्ग आहे. त्याच पनवेलमध्ये यहुदी बांधवांचे १८४९ साली बांधलेले प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव 'बेथ एल', म्हणजे देवाचे घर. ते बांधणाऱ्या बेने इस्राएल समाजाकडून आपल्याला एक मोलाचा धडा घेता येईल.

या समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात गावोगावी पसरले. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे झाली आणि मराठी ही मायबोली झाली. धर्मग्रंथ जवळ नव्हते, हिब्रू भाषा विसरली, शिकवायला कोणी गुरू नव्हता.

मग उरले काय? रोजच्या जगण्यातल्या काही गोष्टी. तेल गाळणे हा त्यांचा धंदा, पण शनिवारी, शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद. एका दिवसाची कमाई बुडाली तरी बंद. म्हणूनच शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आठव्या दिवशी मुलाची सुंता होई. 'शमा इस्राएल' ही प्रार्थना ओठांवर राहिली.

पुढे दावीद रहाबी नावाचे एक यहुदी गुरू कोकणात आले. हे लोक खरेच यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी घरच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, असे सांगतात. स्त्रियांनी पंख व खवले असलेले मासे घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात हाच नियम आहे. त्या माउल्यांनी ते पुस्तक वाचलेले नव्हते. आईने लेकीला आणि सासूने सुनेला चुलीपाशी शिकवले होते, एवढेच. राखेखाली निखारा होता, म्हणून गुरू आल्यावर फुंकर घालता आली. १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले.

'फादर, प्रार्थनेत मन लागत नाही, मग कशाला करायची?' असे पुष्कळ जण विचारतात. प्रश्न खरा आहे. नुसत्या ओठांच्या भक्तीला प्रभू येशूनेही दोष दिला आहे. परंतु मन लागेल त्या दिवशीच प्रार्थना करू, असे म्हणणाऱ्याच्या घरात हळूहळू प्रार्थनाच उरत नाही. त्या तेल्याचे मन दर शनिवारी देवात रमत असेल का? घाणा मात्र दर शनिवारी थांबला. स्वतः प्रभू येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे, असे संत लूक लिहितो (लूक ४:१६).

यहुदी रूढीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जमले, तर दहाव्याची वाट पाहावी लागते. १९४८ नंतर अनेक कुटुंबे इस्राएलला गेली. अशा लहान समाजात एका माणसाचे येणे किती मोलाचे! आपल्या मिस्साला गर्दी असते, म्हणून 'मी नाही गेलो तर काय बिघडले?' असे वाटते. देवाच्या नजरेत मात्र आपली रिकामी जागा रिकामीच असते.

शिफ्ट, ट्रॅफिक, मुलांचे क्लास यांतून आपल्याला तासभर मिळणार नाही. पण जेवणाआधी टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटे मिळतील. रोज रोझरीचे एकच दशक, पण ठरलेल्या वेळी आणि मुलांसोबत. कंटाळा आला तरीही. उद्या आपली मुले पुण्याला, दुबईला, कॅनडाला जातील. तिथे मराठी मिस्सा असेलच असे नाही. तेव्हा त्यांच्या गाठीला काय असेल, हे आज आपल्या घरात ठरते आहे.

प्रभू आपल्या प्रत्येक कुटुंबाला हे सातत्य देवो. आमेन.