धृपद कुणाच्या तोंडी?

नाशिकच्या शरणपुरातल्या एका घरात आत्या आणि भाचा बसले आहेत, असं समजू. आत्या वर्षानुवर्षं चर्चच्या मंडळीत भजनं सांगते. भाचा व्हायोलिन शिकतो. त्याला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा एक अभंग चार आवाजांच्या गायनवृंदासाठी, तंतुवाद्यांसह बांधायचा आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, म्हणजे टिळक नाशिककरांचे जावईच. जावयाच्या शब्दाला हात लावायचा तर घरात विचारायला हवं.

“चौघं चार वाटांनी निघाले की शब्द कुणाला कळायचा?” आत्या विचारते.

भाचा तिला एस्टोनियाच्या आर्वो पेर्तचं ‘ते देउम’ ऐकवतो. 1984-85 मधली ही रचना. तीन गायनवृंद, तंतुवाद्यं आणि ध्वनिफितीवरून येणारा, वाऱ्यानं वाजणाऱ्या वीणेचा खोल खर्ज. पेर्तच्या पद्धतीत एक आवाज सुरांच्या पायऱ्या चढतो-उतरतो, तर जोडीचा आवाज तीनच स्वरांना धरून राहतो.

आत्या डोळे मिटून ऐकते. “हा तर तंबोरा झाला रे! पण पेटी कुठंय?”

“पेटी आपली कधीपासून? तीही युरोपातूनच आली. आकाशवाणीनं 1940 पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. तिच्यावर मींड निघत नाही, व्हायोलिनवर निघते.”

“निघू दे. तू मला एवढंच सांग, धृपद कोण म्हणणार?”

इथं आत्याची बाजू भक्कम आहे. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांच्या आधीही मराठी ख्रिस्ती उपासनेत गीतं होती, पण त्यातली बरीचशी भाषांतरित, परक्या चालींवर बसवलेली. टिळकांनी अभंग आणि कीर्तन धरलं. त्यात सांगणारा एक ओळ टाकतो आणि सगळे ती उचलतात. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण असे, की वाचता न येणाऱ्यालाही दुसऱ्या खेपेला पाठ व्हावेत. वृंद पुढं उभा राहिला आणि मंडळी बाकांवर गप्प बसली, तर उपासनेचा जलसा होतो. शेवटी टाळ्या वाजतात त्या गाणाऱ्यांसाठी.

भाच्याकडे बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं उदाहरण आहे. 1948 च्या ‘सेंट निकोलस’मध्ये वृंद आहे, तंतुवाद्यं आहेत आणि दोन ठिकाणी, बसलेल्या सगळ्यांनी उठून गायची स्तोत्रंही आहेत. “ती त्यांना लहानपणापासून पाठ होती,” आत्या म्हणते. मग स्वतःशीच थबकते. टिळकही इथं पाठच आहेत.

भाचा आता जरा चढेल होतो. “आणि तुमच्या एकसुरात तरी सगळे कुठं गातात? पुरुषांना पेटीची काळी एक पट्टी सोयीची, बायकांना काळी चार. तू काळी चार धरलीस की मागचे काका नुसते ओठ हलवतात. चार आवाजांत प्रत्येकाला आपापली जागा मिळते.”

आत्याला हे झोंबतं, कारण काकांचे ओठ तिनंही पाहिलेत. ती उठून पेटी उघडते, भाता हलवते, काळी दोन दाबून बघते, मग पांढरी तीन.

“कडवी तुझ्या वृंदाला घे,” ती म्हणते. “धृपद मात्र एकाच सुरात. आणि तेवढ्यापुरती तुझी व्हायोलिनं खाली ठेव.”

“सगळी?”

“एक राहू दे. खर्जाला.”

भाचा वही उघडतो. काळी दोन की पांढरी तीन, हे अजून ठरलेलं नाही.