तिसरे पेडल आणि कर्तेपणाचा प्रश्न

ऑटोमॅटिक मोटारगाडीतील गिअर बदलणारी यंत्रणा काढून टाकून ती गाडी पुन्हा हाताने गिअर टाकण्याजोगी करून घेणे हे वरवर पाहता गॅरेजमधले काम आहे. परंतु पैसा खर्चून, मिळालेली सोय सोडून, सुटलेले श्रम पुन्हा मागून घ्यावेत असे ज्या मालकाला वाटते, त्याच्या इच्छेमागे कर्म कोणाचे आणि कर्ता कोण हा भारतीय तत्त्वचिंतनातला फार जुना प्रश्न उभा असतो.

पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून इंजिनाची शक्ती पुढे पोचवणारे बंदिस्त यंत्र असते. ते काढले की फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बसवावी लागते, गिअरबॉक्स बदलतो, पायाशी तिसरे पेडल येते आणि इंजिनाच्या संगणकालाही नव्या व्यवस्थेशी जुळवून घ्यावे लागते. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेली एएमटी मात्र याहून निराळी आहे, कारण तिच्यात क्लच आणि गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीच्याच जातीचे असतात आणि केवळ क्लच दाबणारा पाय व दांडी हलवणारा हात यांच्या जागी संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रणा बसवलेली असते. विचाराच्या दृष्टीने हीच गाडी अधिक महत्त्वाची ठरते, कारण दातेरी चाके तशीच राहून तिच्यात फक्त निर्णय घेणारा बदललेला असतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारे कर्म घडते ते शरीर, कर्ता, करण म्हणजे इंद्रियांसारखी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि पाचवे दैव. या पाचांचा मेळ विसरून जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असा त्या विवेचनाचा रोख असून ज्ञानेश्वरांनीही या स्थळी विस्ताराने विवरण केले आहे. एएमटी गाडीला हे लावून पाहिले, तर करणांपैकी एक आणि चेष्टांपैकी काही यंत्राकडे गेल्या आहेत, पण ‘गाडी चालवतो तो मीच’ हा अभिमान जागचा हललेला नाही, असे आढळते. गीता कर्म करीत राहून कर्तेपणाचा अभिमान सोडण्यास सांगते. ऑटोमॅटिक गाडी कर्म सोडवते आणि अभिमानाला हातही लावत नाही. सोय वाईट नसते, परंतु या सोयीला निरहंकार समजणे ही मोठीच गफलत होय.

वऱ्हाडातले दोन रस्ते हा भेद स्पष्ट करतात. अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. काळ्या मातीच्या सपाटीवरून जाणाऱ्या अशा रस्त्यावर गिअर कोण बदलतो याने फारसे काही अडत नाही. परतवाड्याहून सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला जाणारा घाट मात्र उतरताना चालकाची परीक्षा पाहतो. तेथे खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाच्या अवरोधानेच वेग धरून ठेवावा लागतो, कारण सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सैल होते. ऑटोमॅटिकचा कल अॅक्सलरेटरवरून पाय उचलताच वरचा गिअर घेण्याकडे असतो, कारण तिला चाकांचा वेग कळतो, पण पुढचे वळण दिसत नाही. वळणाआधीच गिअर उतरवणारा चालक जे अजून घडलेले नाही त्याला उत्तर देत असतो, आणि या पूर्वावधानाला कर्माचा गाभा म्हणणे वावगे ठरणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर स्वतः निवडण्याची सोय असते, मग एवढा खटाटोप कशासाठी? आक्षेप रास्त आहे आणि व्यवहारात बहुतेकांचे त्या सोयीने भागते. तरीही तेथे चालक विनंती करतो आणि मंजुरी संगणक देतो. इंजिनाला अपाय होईल अशी निवड तो नाकारतो. तिसऱ्या पेडलाबरोबर चुकण्याची मुभा परत येते: क्लच लवकर सुटला तर गाडी बंद पडते, चुकीचा गिअर पडला तर इंजिन किंचाळते, आणि तो दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. जेथे चूक शक्य नाही तेथे उत्तरदायित्वही केवळ नावापुरते उरते.

श्रम ठेवून दावा सोडण्याचे उदाहरण शोधायला वऱ्हाडाबाहेर जावे लागत नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. धर्मशाळा उभारूनही त्यांनी त्यांवर मालकी ठेवली नाही आणि आपला कोणी शिष्य आहे असेही मानले नाही. मात्र एवढ्यावरून हाताचे काम हीच कसोटी ठरवली, तर गुलाबराव महाराजांपुढे ती टिकत नाही. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे जन्मलेल्या महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. ग्रंथ इतरांनी वाचून दाखवायचे आणि महाराजांनी सांगितलेले इतरांनी लिहून घ्यायचे, अशा रीतीने त्यांची विपुल ग्रंथरचना झाली. लेखणी परक्या हाती असूनही त्या विचाराचे कर्तृत्व त्यांचेच होते, कारण प्रत्येक शब्दामागचे अवधान त्यांचे होते. करण उसने घेता येते, अवधान घेता येत नाही.

म्हणूनच ज्याचा डावा पाय अधू आहे त्याच्यासाठी ऑटोमॅटिक गाडी हे उसने पण पूर्णतः योग्य करण आहे, आणि त्याच्या चालक असण्यात तिळभर उणेपणा येत नाही. धडधाकट मालकाने रूपांतर करून घेताना मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२, जे वाहनातील फेरफारांवर मर्यादा घालते, आधी पाहणे आवश्यक आहे. शिवाय तिसरे पेडल आल्यानंतरही इंधन किती फवारायचे हे संगणकच ठरवतो आणि ओल्या रस्त्यावर चाके अडकू न देणारी ब्रेकप्रणाली चालकाला न विचारता काम करते. पाच कारणांपैकी एका कारणाचा थोडासा अंश, डाव्या पायापुरता, मालकाकडे परतलेला असतो. घाट उतरताना तेवढ्यावरच त्याचे लक्ष खिळून राहत असेल, तर त्यासाठी केलेला खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.